टोचल्यानंतरचा जप

सोमवारी सकाळी साडेसात ते नऊ राहुकाळ असतो; त्या अशुभ वेळात काही सुरू करायचं नाही, औषधही घ्यायचं नाही. मद्रासमध्ये हे कुणालाच सांगावं लागत नाही. आमच्या इस्पितळाच्या वेळापत्रकाला मात्र ते कुणी सांगितलं नव्हतं. औषधांची ट्रॉली बायकांच्या वॉर्डात रोज आठला यायची, आणि सोमवार असला की निम्मा वॉर्ड गोळी हातात घ्यायचा, "सरी, सिस्टर", म्हणजे बरं, म्हणून मान डोलवायचा आणि गोळी उशीखाली सारायचा. नऊ वाजून गेले की सगळीकडून एकदम पाण्याचे घोट ऐकू यायचे. मी रागावले, समजावलं, उशा उचलून बघितल्या. राहूला तुमच्या तापाशी काही देणंघेणं नाही, असंही सांगून पाहिलं. त्या बायका माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मीच कुणीतरी अडाणी बाई त्यांच्या वाट्याला आले होते. शेवटी मी सोमवारची ट्रॉली मुकाट्याने सातला नेऊ लागले. मेट्रनबाईंनी कारण विचारलं तेव्हा झाडलोट, पाण्याची वेळ असलं काहीतरी भलतंच सांगून मोकळी झाले.

हे एवढ्यासाठी सांगितलं की सोयीपुरतं खोटं बोलायला मला तेव्हाही जड जात नव्हतं.

शिकवण्याचा मात्र मला भारी अभिमान होता. नव्या मुलींना मी पहिल्याच दिवशी पाच गोष्टी घोकायला लावायची: योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य वेळ, योग्य वाट. 'वाट' म्हटल्यावर मुली हसायच्या. मग मी त्यांना गुळण्यांचं औषध चार दिवस भक्तिभावाने पिऊन टाकणाऱ्या मास्तरीणबाईंची गोष्ट सांगायची, की हसणं बंद. घरी जाणाऱ्या रोग्याला नुसतं सांगून सोडायचं नाही, असा माझा आणखी एक नियम होता. "आता तुम्ही मला सांगा, मी काय सांगितलं?" हे विचारल्याशिवाय मी कुणालाही वॉर्डाचं दार ओलांडू देत नसे. उत्तर चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. माझ्या मागे मुली माझी नक्कल करायच्या, ते मला ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

अशा मला माझ्या घरातली एकच रोगी बाई पुरून उरली.

ती माझी आत्या. बालपणीच विधवा झालेली, कडक सोवळ्याची, तंजावरहून माझ्या वडिलांच्या नोकरीबरोबर मद्रासला आलेली. माझी आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. मी नर्सिंगला जाते म्हटल्यावर आमच्या माणसांत मोठा गहजब झाला. परक्या पुरुषांची अंगं पुसणार, नाही नाही त्या जातीच्या माणसांची भांडी उचलणार, हिच्याशी लग्न कोण करणार! आत्या सगळ्यांचं ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "जाऊ दे तीस. घरी येतां स्नान करील, झालें." आणि तसंच झालं. लग्न झालं नाही आणि रोज संध्याकाळचं स्नान चुकलं नाही. वडील गेल्यावर जॉर्ज टाउनमधल्या एका गल्लीत, खालच्या मजल्यावर तेलुगू शेट्टींचं कुटुंब आणि वर दोन खोल्यांत आम्ही दोघी, असा आमचा संसार सुरू झाला.

तिचं मराठी जुनं, तंजावरचं, मधे मधे तमिळ शब्द पेरलेलं. पुण्याकडची माणसं ते ऐकून आधी हसतात आणि मग गप्प होतात. मी पुस्तकं वाचून वाचून पुण्यासारखं लिहायला शिकले, पण घरात मीही तसंच बोलायची.

एकदा तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. ती भरेना. काळी पडू लागली तेव्हा तिने मला दाखवली, म्हणजे तीन आठवड्यांनी. लघवीत साखर इतकी, की तपासणीच्या नळीतलं निळं पाणी उकळताच विटेसारखं लाल झालं. मी तिला आमच्याच वॉर्डात आणलं. सर्जन म्हणाले, इन्सुलिनने साखर खाली आली तर बरं, नाहीतर अंगठा काढावा लागेल, आणि एकदा कापायला सुरुवात झाली की कुठे थांबेल सांगता येत नाही.

तेव्हा इन्सुलिन जनावरांच्या स्वादुपिंडातून काढत. मला ते माहीत होतं, रोजचंच होतं. पण आत्याने पहिल्या दिवशी सुईकडे बघत विचारलं, "हें कशाचें गे?" तेव्हा मी एका दमात म्हणाले, "विलायतेस कारखान्यांत करतात, आत्याबाई. साखरेवरचें औषध."

"सरी," ती म्हणाली आणि दंड पुढे केला.

तिच्या शेजारच्या खाटेवर एक मुसलमान बाई होत्या, त्यांनाही साखरच. त्यांनी मात्र दंड पुढे केला नाही. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की हे डुकरापासून काढतात. दोन दिवस त्या रडत होत्या, औषध नको म्हणत होत्या. मी त्यांना गप्प बसवलं नाही, की दटावलंही नाही. औषधांच्या स्टोअरमध्ये जाऊन चौकशी केली, डबा मागवून घेतला, त्यांच्या खाटेवर बसले आणि तमिळमध्ये नीट सांगितलं, "आई, हे गुराचं आहे, गाईबैलांचं. डुकराचं नाही. मी स्वतः बघून आले. खोटं सांगणार नाही." त्यांनी माझा हात धरून डोळ्यांना लावला. इंजेक्शन घेतलं. मी नव्या मुलींना ही गोष्ट पुढे कितीतरी वेळा सांगितली: रोग्याला खरं सांगावं, त्याची भीती नेमकी काय आहे ते विचारावं. आत्या शेजारी डोळे मिटून पडली होती. झोपली आहे असं मी धरून चालले.

अंगठा वाचला. तीन आठवड्यांनी ती घरी आली, आणि घरी रोज सकाळी एक इंजेक्शन द्यायचं ठरलं. मी सगळी व्यवस्था लावली. इन्सुलिनची बाटली ओल्या वाळूच्या मडक्यात, खिडकीखाली. काचेची पिचकारी आणि सुई उकळायला वेगळं भांडं, वेगळा स्टोव्ह, आणि तो स्वयंपाकघराबाहेर, कारण सोवळं. सव्वासहाला इंजेक्शन, साडेसहाच्या बसने मी ड्यूटीवर, आणि पावणेसातला आत्याने तीन इडल्या खायच्या. खायच्या म्हणजे खायच्याच, कारण औषध आत गेल्यावर पोटात काही पडलं नाही तर रक्तातली साखर नको तेवढी उतरते, घाम फुटतो, हातपाय कापतात, शुद्ध जाते, आणि कुणी वेळेवर पाहिलं नाही तर माणूसही जातो. मी हे तिला चार वेळा सांगितलं. मग नियमाप्रमाणे विचारलं.

"आता तुम्ही मज सांगा, आत्याबाई, मी काय सांगट्लें?"

तिने अक्षर न अक्षर म्हणून दाखवलं. घाम, कापरं, शुद्ध, इडल्या, पावणेसात. वॉर्डातल्या एकाही बाईने कधी इतकं चोख सांगितलं नव्हतं. मी खूष होऊन बस पकडली.

दहाव्या दिवशी, सोमवारी, खालच्या शेट्टीबाई मला जिन्यातच भेटल्या. सकाळी वरून काहीतरी पडल्याचा आवाज आला म्हणून त्या वर गेल्या होत्या. आत्या भिंतीला टेकून बसलेली, घामाने चिंब, आणि शेट्टीबाईंना माझ्या आईच्या नावाने हाक मारत होती. त्यांना काही सुचेना, म्हणून त्यांनी पाण्यात गूळ कालवून पाजला. नशीब.

"इडल्या खाल्ल्या होत्या?" मी आत्याला विचारलं.

"खाल्ल्या की."

"कधी?"

"मग."

मी पिचकारीवरच्या खुणा भिंगातून तपासल्या. तेव्हा इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या यायच्या, आणि चुकीच्या खुणेने भरलं तर दुप्पट जायचं. चूक नव्हती. मडकं तपासलं. सुई तपासली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झालं, या वेळी मंगळवारी, म्हणजे राहूचाही हात नव्हता. डॉक्टरांनी मात्रा कमी केली. मग साखर वर गेली आणि अंगठ्याची जखम पुन्हा ओलसर दिसू लागली. मात्रा वाढवली की घाम आणि कापरं, कमी केली की अंगठा. मी वैतागून गेले. रोज संध्याकाळी स्नान करून ओल्या केसांनी तिच्यासमोर बसायची आणि उलटतपासणी घ्यायची. खाल्लं? खाल्लं. तीन? तीन. वेळेवर? यावर ती देवाकडे बघायची. सत्तर वर्षांची बाई शाळेतल्या मुलीसारखी उत्तरं टाळते म्हणून मी चिडायची, आणि मी चिडले की ती माझ्या पानात आणखी एक चमचा तूप वाढायची. त्याने मी आणखीच चिडायची.

तिसऱ्यांदा शेट्टीबाईंनी गूळपाणी तोंडाला लावलं, पण तिला गिळताच येईना. त्यांनी रिक्षा करून तिला इस्पितळात आणलं. मी वॉर्डात मुलींना 'योग्य वेळ' शिकवत होते. स्ट्रेचरवर माझी आत्या आली, जबडा घट्ट, डोळे वर. डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिलं आणि पिचकारी रिकामी होता होता तिने डोळे उघडले. एवढ्या वर्षांत मी हे डझनभर वेळा पाहिलं होतं, पण तेव्हा एका मुलीने मला स्टूल आणून दिलं.

"सिस्टर," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले, "अख्ख्या वॉर्डाला शिकवता. घरातल्या एका बाईला शिकवता येत नाही? पुढच्या वेळी ही उठेलच असं नाही."

त्या दिवसाइतकी शरम मला कधी वाटली नाही. मुलींनी ऐकलं होतं.

चार दिवसांनी ती घरी आली. पाचव्या दिवशी सकाळी इंजेक्शन दिलं, दोनदा बजावलं, खाली उतरले, थांब्यावर अर्धा तास बसची वाट पाहिली, आणि वेळ बघायला गेले तेव्हा लक्षात आलं की छातीवर पिन करायचं घड्याळ राहिलं. घड्याळाशिवाय नाडी कशी मोजणार? परत फिरले, जिना चढले.

इडल्या ताटात होत्या, तीन, झाकलेल्या, जशाच्या तशा. आत्या देवासमोर बसली होती. अंगावर ओलं लुगडं, डोक्यावरच्या पदरातून पाणी गळतंय, हातात तुळशीची माळ. सोवळ्याचं स्नान तर तिने पहाटेच, इंजेक्शनच्या आधी केलेलं होतं. म्हणजे माझी पाठ वळताच हिने दुसरं स्नान केलं होतं.

"हें काय?" मी ओरडले. अगदी ओरडलेच, खाली ऐकू गेलं असणार.

तिने बोट वर करून थांबायला सांगितलं. मी थांबले नाही. माळ हातातून काढून घेतली आणि इडलीचं ताट तिच्या मांडीवर ठेवलं.

"आधीं हें खा. मग बोला."

"हजार आठ झाले नाहींत."

"काय हजार आठ?"

"नाम. रामाचें." ती शांतपणे म्हणाली. "इस्पितळांत सोवळें नव्हतें; घरीं गाईचें अंगांत गेलें की स्नान करून हजार आठ नाम घेत्यें. मग जेवत्यें. न घेतां कशी जेवूं?"

मला काही क्षण कळलंच नाही. मग कळलं, आणि मी खालीच बसले.

"तुम्हांस कोणी सांगट्लें?"

"तूच सांगट्लीस की. शेजारच्या खाटेवरल्या त्या तुर्कीण अम्मास. मी जागी होत्यें."

अंघोळ आणि हजार आठ नावं, म्हणजे तास-सव्वातास. रोज. इन्सुलिन आत गेल्यावर सव्वा तास ही बाई उपाशीपोटी रामाचं नाव घेत बसत होती, आणि मी पिचकारीवरच्या खुणा तपासत होते.

"मग मज का नाहीं म्हणालांत?" मी म्हणाले. "नको म्हणायचें होतें! निदान विचारायचें होतें!"

"नको कशास? मज पाय हवा होता. जगायचें होतें." ती माझ्याकडे बघत नव्हती. "तू मज कारखान्याचें सांगट्लीस. म्हणट्लें, एवढें झाकत्येस तर तुज बरें वाटत नसेल. असूं दे. मी गप्प राहिल्यें."

मला तिचा इतका राग आला, की रडूच आलं. स्वतःचाही आला, पण तो मी त्या दिवशी कबूल केला नाही. परक्या बाईच्या खाटेवर बसून मी खरं सांगितलं होतं. जिने मला वाढवलं, तिला मात्र मूल समजून थाप मारली होती. आणि मी मारलेली थाप सांभाळण्यासाठी ती तीनदा मरता मरता वाचली होती.

रडून झाल्यावर मी पुन्हा नर्स झाले. म्हटलं, जप आधी करा, मग टोचते. ती म्हणाली, पाप घडण्याआधी प्रायश्चित्त? तुमच्या इस्पितळांत जखम व्हायच्या आधीं टाके घालतात का? म्हटलं, बरं, आधी खा, जप नंतर. ती म्हणाली, तसल्या तोंडाने खाऊ? म्हटलं, हजार आठऐवजी एकवीस करा. यावर तिने मांडीवरचं ताट खाली ठेवलं आणि माझ्या हातातली माळ परत घेतली. माझी बस केव्हाच गेली होती. ट्रॉली, मुली, मेट्रनबाई, सगळं डोक्यात घोंघावत होतं, आणि समोर ही बाई ओल्या लुगड्यात थंडपणे शास्त्र सांगत होती. तिच्या कपाळावर घामाचे थेंब दिसायला लागले.

"आत्याबाई, घाम येतोय तुम्हांस," मी म्हणाले. "खा. पाया पडत्यें, खा."

तिने माझ्याकडे बघितलं. मग ताट जवळ ओढलं आणि माळ माझ्या हातात दिली.

"टोचत्ये कोण?"

"मी."

"तर नाम तू घे. मी जेवत्यें."

आणि तिने खरंच इडली मोडली.

मी त्याआधी कधी देवापुढे दिवाही लावला नव्हता. इस्त्रीच्या पांढऱ्या गणवेशात, डोक्यावर टोपी, पायात बूट, तशीच जमिनीवर बसले. "बूट," ती घास चावत म्हणाली. बूट काढले. त्या दिवशी मी अडीच तास उशिरा ड्यूटीवर गेले आणि मेट्रनबाईंना आयुष्यात पहिल्यांदा उशिराचं खरं कारण सांगितलं. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळं पाऊण तास अलीकडे ओढलं. आधी माझंही स्नान, मग इंजेक्शन, मग मी माळ घेऊन बसायची आणि अर्ध्या तासाने ती माझ्यासमोर पाट मांडून तीन इडल्या खायची. सावकाश, चटणी लावून, माझ्या ओठांकडे लक्ष ठेवून. मी मधे दोन मणी गाळले तर "हूं" करायची. पहिले दोन महिने मला रोज वाटायचं की माळ फेकून द्यावी. जांभई यायची, पायाला मुंग्या यायच्या, बस सुटायची. पण घाम पुन्हा फुटला नाही. नळीतलं पाणी हिरवटाच्या पुढे गेलं नाही. अंगठा सुकला, त्यावर नवं नख आलं, वाकडं पण नख.

वॉर्डात मी माझा प्रश्न बदलला. "मी काय सांगितलं?" हे विचारायची अजूनही, पण त्याआधी विचारायची, "हे घेतल्यावर घरी तुम्ही पहिलं काय करता?" मग त्या बायका ज्या काय एकेक गोष्टी सांगायच्या! कुणी औषध घेऊन कोविलला, म्हणजे देवळात, जाऊन येईपर्यंत पाणी पीत नसे, कुणी नवऱ्याचं जेवण झाल्याशिवाय पान घेत नसे. नव्या मुली वैतागायच्या. मी म्हणायची, ऐकून घ्या.

अशी दोन वर्षं गेली. एका सकाळी वॉर्डात परीक्षक यायचे होते, मला लवकर निघायचं होतं आणि माळ काही संपता संपेना. साडेतीनशेवर माझा धीर सुटला.

"आत्याबाई, आता शंभर आठ पुरे करा की! दोन वर्षें रोज हजार आठ. त्या गाईने केव्हाच क्षमा केली असेल."

आत्याने चटणीचं बोट पुसलं.

"गाईचें माझें मी पाहून घेत्यें," ती म्हणाली. "दुपारीं घेत्यें मी नाम, तू कामावर गेलीस की. तू पाया पडलीस म्हणून जेवण झाल्यावर. हें तुझें आहे."

"माझें कशाचें?"

"मज खोटें सांगट्लीस त्याचें."

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. तिने तिसरी इडली दोन बोटांनी मोडली आणि मला हनुवटीनेच खूण केली की चालू दे, पण पहिल्यापासून, मधे बोललीस.

मी माळ पुन्हा मेरुमण्यापाशी आणली आणि एकपासून सुरुवात केली. ती समोर बसून खात होती.